कर्ता कोण? इंग्रजी व्याकरण आणि इतिहासाचे वाचन

१/ ‘पुढील वाक्याचा व्हॉइस बदला’ हा प्रश्न मराठी माध्यमातील प्रत्येकाने सोडवलेला असतो. कर्तरीचे कर्मणी केले की गुण पदरात पडतात. लिहिणाऱ्याने तोच प्रयोग का निवडला असेल, हे मात्र वर्गात क्वचितच विचारले जाते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला नेमका हाच प्रश्न पडायला हवा. आजचा धागा त्याविषयी.

२/ एक नमुना वाक्य घेऊ : ‘द व्हिलेज वॉज बर्न्ट’. गाव जाळले गेले. कोणी जाळले? वाक्य मौन पाळते. कर्मणी प्रयोगात कर्ता गाळता येतो आणि राज्यकर्त्यांच्या लेखणीला ही सोय नेहमीच मानवते. आपल्याकडचे ‘कळविण्यात येते’, ‘कारवाई करण्यात आली’ हे त्याच कुळातले.

३/ काळांचेही तसेच. ‘द कौन्सिल रिझॉल्व्ड’ आणि ‘द कौन्सिल हॅड रिझॉल्व्ड’ यांत एका शब्दाचा फरक. दुसऱ्या वाक्यातला ठराव वर्णन चाललेल्या घटनेच्या आधी झालेला असतो. तो ‘हॅड’ नजरेतून निसटला, तर कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते. तहाच्या कलमातील ‘शॅल’ बांधून घेतो, ‘मे’ मुभा देतो.

४/ म्हणजे व्याकरण हे साधनचिकित्सेचे हत्यार आहे. आपण त्याचे रूपांतराच्या खेळात अवमूल्यन केले, असे माझे स्पष्ट मत आहे.

५/ याहून वेगळी वाट आपल्याच इतिहासात आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. एका स्तंभात इंग्रजी, शेजारच्या स्तंभात मराठी. स्वदेशीयांत विलायती विद्येचा अभ्यास वाढावा, हा त्यांचा एक जाहीर हेतू होता. वाचकाला एकच मजकूर दोन भाषांत ताडून पाहता येई.

६/ पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी माणसांच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. ‘तर्खडकरी इंग्रजी’ची थट्टाही झाली. पण तिचा पाया पक्का होता : आधी अर्थ लावा, मग तो आपल्या भाषेत उभा करा.

७/ आता बंगालकडे वळू, कारण वाचनाचा प्रश्न तेथे नेमकेपणाने मांडला गेला. ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य मायकेल वेस्ट यांनी १९२६ साली द्विभाषिकतेवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. बंगाली विद्यार्थ्याची पहिली गरज इंग्रजी वाचता येणे ही आहे, बोलणे त्यानंतर, असा त्यांचा निष्कर्ष होता.

८/ त्यांनी विम्याच्या व्यवहारातून ‘सरेंडर व्हॅल्यू’ ही कल्पना उसनी घेतली. पॉलिसी मध्येच सोडली तर हाती काय उरते? तसेच, विद्यार्थ्याने शाळा मध्येच सोडली तर त्याच्या इंग्रजीतून काय उरते? पाठ केलेले नियम एकटे फारसे कामी येत नाहीत. सोप्या पुस्तकाचे वाचन साधले असेल, तर तेवढे तरी त्याचे स्वतःचे होते.

९/ हा प्रश्न आजही जुना झालेला नाही. मराठीतून पदवी घेतलेल्या, मोडी लिपी सफाईने वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना ब्रिटिशकालीन कागदांपुढे थबकताना मी पाहते. काळांचे तक्ते त्यांना मुखोद्गत असतात. पाच ओळींच्या वाक्यातले मुख्य क्रियापद मात्र सापडत नाही. मग ते दुय्यम ग्रंथांवर विसंबतात आणि आपला भूतकाळ दुसऱ्याने लावलेल्या अर्थानेच वाचतात.

१०/ कोणी म्हणेल, भाषांतर आता यंत्र करते. करते खरे. पण ते ‘गाव जाळले गेले’ एवढेच देईल. ‘कोणी?’ हे वाचकालाच विचारावे लागेल.

११/ म्हणून एक सराव सुचवते. रोज जुन्या इंग्रजी मजकुराचा एकच परिच्छेद घ्या. प्रत्येक वाक्याचे मुख्य क्रियापद शोधा. कर्ता कोण, की तो गाळला आहे? आधी काय घडले, नंतर काय? मग तो परिच्छेद मराठीत लिहा आणि ‘दर्पण’सारखे दोन्ही मजकूर शेजारी ठेवा. जिथे मराठी वाक्य अडखळते, तिथेच अर्थ लागायचा राहिलेला असतो.

१२/ गुणांसाठी व्हॉइस जरूर बदला. पण बदलण्यापूर्वी, गाळलेला कर्ता कोण होता, ते एकदा विचारा.