हात थरथरतो, मेंदूचा स्कॅन काढायचा का?

‘डॉक्टरसाहेब, मेंदूतलं केमिकल दाखवणारा स्कॅन काढायचा का?’ चिमूर भागातून कंपवाताची शंका घेऊन येणाऱ्या रुग्णांचे नातलग आता हे विचारतात. पैशांची जमवाजमव करण्याआधी हा स्कॅन नेमके काय दाखवतो, ते समजून घ्यायला हवे.

कंपवातात डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी झिजतात. साध्या एमआरआयमध्ये ही झीज सहसा दिसत नाही. म्हणून अल्प किरणोत्सर्गी द्रव्य शिरेतून देतात. ते या पेशींच्या टोकांशी जमते. निरोगी मेंदूत दोन ठळक स्वल्पविराम दिसतात. कंपवातात त्यांची शेपटी पुसट होऊन पूर्णविराम उरतो. म्हणजे डोपामिन किती आहे हे थेट मोजले जात नाही. पेशींची टोके शाबूत आहेत का, एवढे कळते.

कॅनडातील हॅमिल्टनच्या संशोधकांनी १९८३ मध्ये जिवंत माणसाच्या मेंदूतील डोपामिनचे असे चित्र प्रथम मिळवले. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन आला. पेट स्कॅनसाठी लागणारे फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मे होते. चिमूरहून एसटी नागपूरला पोहोचेपर्यंत निम्म्याहून अधिक संपलेले असेल! त्यामुळे ही सोय मोठ्या शहरांभोवतीच राहते. टेक्नेशियम वापरून होणारा स्कॅन थोडा सोपा, कारण ते निम्मे व्हायला सहा तास लागतात.

पण बहुतेकांना यातले काहीच लागत नाही. हालचाली मंदावणे, अंग ताठरणे, एका बाजूच्या हाताला कंप, हे तपासूनच निदान होते. खरा घोळ औषधांचा असतो. चक्करेवरचे सिनारिझिन, उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइड, मानसिक आजारावरचे हॅलोपेरिडॉल यांनीही हुबेहूब कंपवात दिसतो. अशा वेळी पेशी शाबूत असल्याने स्कॅन नॉर्मल येतो. शंका उरलीच, तर तो तिथे उपयोगी. मात्र चक्करेची गोळी वर्षभर चालू आहे, हे घरातल्या डब्यात पाहूनही कळते. गोळी थांबवल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरेच जण सुधारतात. मानसिक आजाराचे औषध मात्र स्वतःहून बंद करू नये.

नैराश्यात ‘सेरोटोनिन किती कमी झाले’ हे सांगणारा स्कॅन तर रोजच्या उपचारात नाहीच. तसे कोणी विकत असेल, तर सावध राहा.

म्हणून दवाखान्यात येताना आधी घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून आणा. स्कॅनचे नंतर बघू.