अँटिव्हायरस होता, तरी एमआयडीसी बंद का पडली?

२१ मार्च २०२१ च्या पहाटे अडीचच्या सुमारास महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे एमआयडीसीची, संगणक यंत्रणा कोलमडली. घाला रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा होता. वागळे इस्टेट आणि डोंबिवलीतले कारखानदार भूखंडापासून पाण्यापर्यंत ज्या महामंडळाकडे जातात, त्याच्या १६ प्रादेशिक कार्यालयांचे काम खोळंबले. तिथे अँटिव्हायरस नव्हता असे नाही. नामांकित कंपनीचा परवाना घेतलेला होता.

मग दुसऱ्या कंपनीचा असता तर हल्ला टळला असता? सांगता येत नाही. प्रत्येक कंपनीला व्हायरसचे बरेच नमुने तिच्या ग्राहकांकडून मिळतात, आणि ग्राहक सगळ्यांचे सारखे नसतात. पुण्याच्या काटकर बंधूंचे क्विक हील हे अँटिव्हायरस दुरुस्तीच्या दुकानातूनच उभे राहिले. गिऱ्हाइकांच्या मशीनमध्ये सापडतील ते व्हायरस काढायचे, हीच त्याची सुरुवात. २०१० मध्ये जगभर गाजलेला स्टक्सनेट हा व्हायरस आधी सापडला तो बेलारूसमधल्या व्हायरसब्लोकअडा या छोट्या कंपनीला, कारण इराणमधल्या तिच्या ग्राहकाचे संगणक सारखे रीस्टार्ट होत होते. बड्या कंपन्यांना त्याचा पत्ता नंतर लागला.

अनोळखी फाइलवर कधी संशय घ्यायचा, हेही प्रत्येक कंपनी आपापले ठरवते. कडक धोरणाची किंमतही मोठी असते. एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीतली मूळ एसव्हीसीहोस्ट फाइलच व्हायरस ठरवली आणि जगभरची कार्यालये ठप्प झाली.

फरक सफाईतही दिसतो. झेरॉक्सच्या दुकानात लावलेला पेनड्राइव्ह घरी उघडावा, तर फोल्डरच्या जागी शॉर्टकट. मूळ फोल्डर आतच असते, फक्त लपवलेले. एक अँटिव्हायरस शॉर्टकट उडवून थांबतो आणि विद्यार्थ्याला प्रोजेक्ट गेला असे वाटते. दुसरा लपवलेले फोल्डर परत दाखवतो.

म्हणून ‘कोणता अँटिव्हायरस घ्यावा’ एवढ्यावर चर्चा संपवणे धोक्याचे आहे. झालेल्या हल्ल्यांतून शिकणेही तितकेच गरजेचे आहे. २०२२ च्या आदेशानुसार सायबर हल्ल्याची खबर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला सहा तासांत द्यावी लागते. पण वीस कामगारांच्या युनिटला शेजारच्या हल्ल्यातून शिकता यायचे, तर व्हायरस कोणत्या वाटेने शिरला आणि अँटिव्हायरसच्या नजरेतून कसा निसटला, हे त्याच्यापर्यंत साध्या मराठीत पोहोचले पाहिजे. ठाण्याची ‘टिसा’ आणि कल्याण-अंबरनाथची ‘कामा’ या उद्योजक संघटनांनी ही मागणी लावून धरावी. तोवर प्रत्येक युनिटने हिशेबाची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि काम झाले की ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी.