भिंत त्यांची, ओल माझी

"पावसाळ्यात ओल येतेच रे," मालककाका फोनवर म्हणाले. नवीन पनवेलमधली ही इमारत जेमतेम ३ वर्षांची. जूनमध्ये बेडरूमच्या भिंतीला ओल धरली, जुलैत गादीला बुरशी लागली. काकांनी ओळखीतला कॉन्ट्रॅक्टर पाठवला. त्याने पोपडे खरवडले, आतून पुट्टी भरली, वर 'वॉटरप्रूफ' रंग मारला आणि गेला. पाणी येत होतं बाहेरच्या प्लॅस्टरच्या भेगेतून. तिकडे त्याने बघितलंही नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, बग तसाच ठेवून नुसता एरर मेसेज बंद केला. पंधरा दिवसांत रंग फुगला. घर सोडताना त्याच भिंतीच्या रंगाचे पैसे माझ्या डिपॉझिटमधून कापले गेले.

"घर नीट बघून घ्यायचं होतंस," असं म्हणणाऱ्यांनी सांगावं, मार्चमध्ये पनवेलची कुठली भिंत ओली दिसते?

मग मी कायदे वाचले. २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १४ सांगतं, ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा. म्हणजे काकांनी एक अर्ज केला असता तरी पुरे होतं. पण हा हक्क 'अलॉटी'चा, आणि त्या व्याख्येतून भाड्याने राहणाऱ्याला स्पष्ट शब्दांत वगळलंय. काका त्या खोलीत झोपत नाहीत, त्यांना घाई कसली?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्येही सोय आहे. मालक दुरुस्ती करत नसेल, तर किमान १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने ती स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून कापावा, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. पण ११ महिन्यांच्या 'लीव्ह अँड लायसन्स'वर सही केली की आपण कायद्याच्या लेखी भाडेकरूच उरत नाही, परवानाधारक होतो. भाडं मात्र दर महिन्याच्या ५ तारखेला, न चुकता.

हक्क दिले तर भाडेकरू घर बळकावतील, ही मालकांची जुनी भीती. मला ती कळते. पण भिंत दुरुस्त करून मागणारा भिंत मागत नाही. घरात जो राहतो, त्याला दोष कळवण्याचा हक्क रेरात मिळालाच पाहिजे.

तोवर करारात दोन वाक्यं घालून घ्या. एक, लेखी कळवल्यापासून १५ दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर खर्च भाड्यातून वजा होईल. दोन, ओलीने खराब झालेल्या भिंतीचे पैसे डिपॉझिटमधून कापले जाणार नाहीत. दिवसभर दुसऱ्यांचा कोड तपासणाऱ्या मी पहिला करार न वाचताच सही केला होता. नव्या घराच्या वेळी ब्रोकर म्हणाला, "फॉरमॅट फिक्स असतो." मी चार दिवस अडून बसलो. फॉरमॅट बदलला.