फोटो कोणी काढला?

एप्रिलमध्ये मावसभावाचं प्री-वेडिंग शूट झालं. स्थळ अर्थातच फुटाळा तलाव. (आमच्या नागपुरात लग्न ठरलं की हॉलच्या आधी फुटाळाच आठवतो.) शनिवार होता, मी रिकामा होतो, त्यामुळे पाण्याच्या बाटल्या आणि होणाऱ्या वहिनीच्या चपला सांभाळायचं खातं माझ्याकडे आलं. रिकामा माणूस मोजत बसतो, तसा मी मोजत बसलो. दोन माणसांचे फोटो काढायला किती माणसं लागतात?

तलावावर सहा होती. फोटोग्राफर, दुसरा कॅमेरावाला, मेकअपवाल्या ताई, त्यांच्याबरोबर केस आणि साडी बघणारी मुलगी, गाडी चालवणारे काका (हेच ट्रायपॉड उचलत आणि फ्रेममध्ये येणाऱ्या लोकांना हात जोडून थांबवत) आणि रिफ्लेक्टर धरणारा एक पोरगा. सातवा मला नंतर भेटला.

त्या पोराकडे मी दोन तास बघत होतो. सूर्य तलावापलीकडे मावळायला टेकलेला, जोडपं त्याच्याकडे पाठ करून उभं. अशा वेळी चेहरे काळे पडतात, कारण चकाकतं आकाश आणि सावलीतला चेहरा दोन्ही एका फोटोत नीट घेणं कॅमेऱ्याला जमत नाही. म्हणून तो चंदेरी गोल पडदा. त्यावरून ऊन चेहऱ्यावर टाकायचं, पण डोळ्यांवर अंधारी येणार नाही इतपतच. वारा आला की पडद्याचं शीड होतं. सूर्य खाली जाईल तसा कोन बदलत राहायचा. पारा ४३ च्या आसपास, आणि पोरगा गुडघ्यावर बसून जोडप्याच्या डोळ्यांतला उजेडाचा ठिपका बघतोय. मधूनमधून फोटोग्राफरची हाक, "अबे छोटू, वर धर ना! कुठं पाहून राह्यला?"

जूनमध्ये अल्बम आला. झकास आहे, खोटं कशाला बोलू. शेवटच्या पानावर सोनेरी अक्षरात एकच नाव, फोटोग्राफरचं.

अल्बममध्ये एक दुरुस्ती होती म्हणून सीताबर्डीला गेलो, तिथे सातवा माणूस भेटला. दुसऱ्या मजल्यावर, पंख्याखाली, मॉनिटरसमोर. फोटोतला फुटाळा इतका स्वच्छ कसा, असं सहज विचारलं तर हसला आणि मूळ फोटो उघडून दाखवला. काठावर प्लॅस्टिकच्या पिशव्या, मागे दोन भुट्टेवाले, वहिनीच्या डोक्यातून निघालेला विजेचा खांब. हे सगळं त्याने एकेक करून पुसलं होतं. आमच्या घरात मात्र सगळे म्हणतात, "काय कॅमेरा आहे हो त्याचा!"

हे आजचं नाही. १९१२ साली दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' करत होते, तेव्हा दिवसा पांढऱ्या चादरी धरून उन्हात उभं राहायचं काम सरस्वतीबाईंनी केलं. म्हणजे हेच रिफ्लेक्टरचं काम. रात्री फिल्मला भोकं पाडायची, रसायनं कालवायची, फिल्म धुवायची, आणि वर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. ३ मे १९१३ ला कॉरोनेशनमध्ये सिनेमा लागला. आपल्यापैकी बहुतेकांना ही बाई कळली ती २०१० साली, परेश मोकाशींच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'मुळे. सत्त्याण्णव वर्षांनी! दादासाहेबांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून आहे, आणि असावाच. पण चादर कोणी धरली होती हे कळायला इतकी वर्षं लागावीत?

सिनेमावाले निदान सुधारले. नागराज मंजुळेंचा 'झुंड' नागपुरातच शूट झाला. कुठल्याही सिनेमाच्या शेवटी पाट्या सरकतात, त्यात ड्रायव्हरपासून स्पॉटबॉयपर्यंत सगळे असतात. आपण तेव्हा पॉपकॉर्नचा डबा शोधत असतो हा आपला दोष. स्थिर फोटोला मात्र अशी पाटीच नाही.

हे मी मित्रांना सांगितलं तर ठरलेली उत्तरं आली.

"पैसे मिळतात ना त्यांना?" मिळतात. मलाही मिळतात. तरी अप्रेझलमध्ये माझं काम दुसऱ्याच्या नावावर गेलं तेव्हा मी आठवडाभर जेवलो नव्हतो नीट. पगार आणि श्रेय ही दोन वेगळी खाती आहेत, हे आपल्या जातीच्या माणसांना तरी समजावून सांगायला नको.

"एवढी नावं कुठे लिहिणार?" लिनक्स कर्नलचा एक बदल उघडून बघा. कोड लिहिणाऱ्याखाली तपासणाऱ्याचं नाव, चाचणी करणाऱ्याचं नाव, चूक कळवणाऱ्याचंसुद्धा नाव. जगभरातले हजारो लोक गेली कित्येक वर्षं हे करताहेत. तुमच्या अल्बममध्ये सात ओळी मावत नाहीत?

"शेवटी नजर फोटोग्राफरचीच." मान्य. त्याचं नाव सगळ्यात वर आणि सगळ्यात मोठं छापा. कायदाही तेच म्हणतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा कर्ता म्हणजे फोटो काढणारा. पडदा धरणारा, पिशव्या पुसणारा त्या व्याख्येत बसत नाही. पण त्याच कायद्यात पुढे एक गंमत आहे. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. म्हणजे तुम्ही आम्ही! त्यामुळे नुसत्या फोटोग्राफरला शिव्या देऊन सुटका नाही. पानांचा कागद, कव्हरचं वेल्वेट, बॉक्सचा रंग यावर आपण तासभर घासाघीस करतो. शेवटच्या पानावर सगळ्यांची नावं हवीत, एवढं एक वाक्य आपल्याला सुचत नाही.

मलाही सुचलं नव्हतं. दुरुस्तीच्या वेळी सुचलं. फोटोग्राफर म्हणाला, "असं कोणी करत नाही भाऊ." म्हटलं, आम्ही करू. मावसभाऊ आधी कुरकुरला, मग वहिनीनेच फोन करून सांगितलं. पान नव्याने छापून येतंय.

त्यासाठी छोटूला फोन करून खरं नाव विचारावं लागलं. तो आधी घाबरलाच. "काऊन भाऊ, काही चुकलं का?" दोन तास त्याच्या समोर बसलो होतो आणि नाव विचारायला मला दोन महिने लागले.

ते नाव मी इथे लिहीत नाही. ते अल्बममध्ये असेल, त्याच्या जागेवर.