थांबा, आंबा आणि आम्ही

आमच्या लग्नाला एकतीस वर्षे झाली. त्यातली निदान पंचवीस आम्ही मोटारसायकलीवर काढली, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. मी पुढे आणि सौ. मागे. मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळात मोटार शिरत नाही. रिक्षावालासुद्धा तोंडाशीच उभा राहून भोंगा वाजवतो. तेव्हा अंबाबाईचे दर्शन असो, लक्ष्मीपुरीतला बाजार असो, की इचलकरंजीच्या साडूंकडचे बारसे असो, आमचे वाहन ठरलेले. ह्या पंचवीस वर्षांत सौ. मागून पुष्कळ काही बोलत आल्या आणि मी पुढून ‘हो’ म्हणत आलो. आपण कशाला हो म्हटले, हे मला घरी पोचल्यावर आणि क्वचित दुकानाचे बिल हातात आल्यावर कळत असे.

ह्या व्यवस्थेत काही बिघाड आहे, असे मला गेल्या दिवाळीपर्यंत वाटले नव्हते.

भाऊबीज झाली. पाहुणे गेले, फराळाचे डबे निम्मे झाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पन्हाळ्याला निघालो. शिवाजी पूल ओलांडला. गळिताचे दिवस सुरू झालेले, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. हवा अशी सुरेख की गाडी आपोआपच थोडी जोरात गेली. केर्लीच्या पुढे सौ. मागून काहीतरी म्हणाल्या. मला ‘आंबा’ असे ऐकू आले. आता पन्हाळ्याचा आणि आंबा घाटाचा रस्ता वाघबीळपर्यंत एकच. बाईसाहेबांना बेत बदलायचा दिसतो, असे समजून मी मान न वळवता ओरडलो, “आज पन्हाळा! आंबा पुढच्या रविवारी!”

त्या पुन्हा म्हणाल्या, “आंबा!” तिसऱ्यांदा जरा मोठ्याने म्हणाल्या. मला थोडा रागही आला. एवढा कसला हट्ट?

तेवढ्यात समोरून येणाऱ्या ट्रॉलीवरचा एक पोरगा दोन्ही हात हलवीत ओरडू लागला. त्याचेही शब्द मला कळले नाहीत, पण त्याचा चेहरा कळला. मी ब्रेक दाबला.

सौं.चा पदर मागच्या चाकात गेला होता. त्या नेहमीप्रमाणे एका अंगाला बसलेल्या. दोन्ही हातांनी पदर ओढून धरलेला, म्हणजे गाडीला धरायला हातच उरलेला नाही. खांद्याची पिन तुटून गेलेली, आणि दीड-दोन हात साडी चाकाच्या आऱ्यांत पिळवटून काळी झालेली. गाडी आणखी दहा-वीस हात गेली असती तर... हे वाक्य आम्ही दोघांनीही आजवर पुरे केलेले नाही.

रस्त्याच्या कडेला बसून पाणी प्यायल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, “मी तीनदा ‘थांबा’ म्हटलं.”

पन्हाळा राहिला. घरी येऊन मी पहिले काम केले ते माळ्यावर चढण्याचे. मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झाकील असे साडी-गार्ड, मागच्या माणसासाठी धरायला मूठ आणि पाय ठेवायला जागा, ह्या गोष्टी मोटार वाहन नियमांनी सक्तीच्या केलेल्या आहेत. माझ्या गाडीचे गार्ड रंग द्यायला म्हणून मी काढले होते. ते दोन वर्षे माळ्यावर जुन्या आकाशकंदिलाच्या शेजारी पडून होते. ते त्याच दिवशी बसवले. पण गार्ड बसले तरी मूळ प्रश्न उरलाच. मागच्या माणसाने ‘थांबा’ म्हटले तर पुढच्याला ‘थांबा’ असेच कसे ऐकू यावे?

चिरंजीव पुण्याला असतात. त्यांनी फोनवर सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, “बाबा, हेल्मेटमध्ये इंटरकॉम बसवून घ्या. पैसे मी देतो.”

वाचकहो, इंटरकॉम म्हणजे साहेबाने शिपायाला बोलावण्याचे यंत्र, एवढीच माझी समजूत. पण ही गरज फार जुनी आहे. पहिल्या महायुद्धात उघड्या विमानात गुरू आणि शिष्य पुढेमागे बसत आणि इंजिनाच्या आवाजात एकमेकांचे अक्षरही ऐकू येत नसे. १९१७ साली इंग्लंडातील गॉस्पोर्ट येथे मेजर रॉबर्ट स्मिथ-बॅरी ह्यांच्या शाळेत ह्यावर उपाय निघाला, तो म्हणजे साधी बोलण्याची नळी. तिला गॉस्पोर्ट नळी असेच नाव पडले. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन शिकाऊ विमानांत तर ती एकतर्फी असे: शिक्षकाने बोलायचे आणि शिष्याने निमूटपणे ऐकायचे. हे मी सौं.ना मोठ्या कौतुकाने सांगितले. त्या म्हणाल्या, “म्हणजे आपल्या मोटारसायकलीसारखंच की. फक्त नळी नाही.”

पुढे शाहूपुरीतल्या एका दुकानात आम्ही दोघे गेलो. दुकानातला मुलगा हुशार. त्याने सौं.च्या हातातली टोपीवजा वस्तू पाहिली आणि पहिला धडा दिला. “काकू, यंत्राचं मागनं बघू. आधी हेल्मेट घ्या.” त्याचे खरे होते. मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम चालवणाऱ्याला लागू आहे तसेच मागे बसणाऱ्यालाही आहे, आणि १ जून २०२१ पासून आयएसआय छापाचेच हेल्मेट विकता येते. सौं.ची ती टोपी पोलीस दिसला की डोक्यावर आणि तो मागे पडला की मांडीवर, अशा प्रवासाला सरावलेली होती. नवे हेल्मेट निवडताना अंबाडा आडवा आला. शेवटी अंबाडा मानेवर उतरवून वेणी घालण्याचा तह झाला. गजरा मात्र मुक्कामाला पोचल्यावर माळायचा.

मग यंत्रे आली. सुपारीच्या डब्याएवढा एक ठोकळा हेल्मेटच्या बाहेर डाव्या बाजूला बसतो. आत कानांपाशी दोन चपट्या चकत्या आणि ओठांपाशी एक बारका ध्वनिग्राहक. प्रत्येकाला आपले एक. मुलाने एक खोका उचलून सांगितले, “काका, ह्याची रेंज सोळाशे मीटर हाय!” मी वजनदारपणे मान हलवली. सौं.नी विचारले, “मी ह्यांच्यापासून दीड किलोमीटर लांब बसणार आहे का?”

ह्या एका प्रश्नाने निम्मी महाग यंत्रे फळीवर परत गेली. ती कोणासाठी असतात ते नंतर पुतण्याने समजावले. तो आठ-दहा मित्रांच्या घोळक्यात गोव्याला जातो. ब्लूटूथवर माणसे साखळीसारखी जोडली जातात. मधला एक मागे पडला की साखळी तुटते. त्यावर ‘मेश’ नावाची जाळ्याची पद्धत निघाली. जाळ्यातले प्रत्येक यंत्र दुसऱ्याचा निरोप पुढे पोचवते, म्हणून एक गाडी गळाली तरी बाकीच्यांचे बोलणे चालू राहते. घोळक्याला ती गोष्ट लाखमोलाची. पण दोघांमध्ये एका विताचे अंतर असेल तर साधे ब्लूटूथ पुरते. ह्या नावाचीही गंमत आहे. दहाव्या शतकातला डेन्मार्कचा राजा हॅरल्ड, टोपणनाव ‘निळा दात’. त्याने डेन्मार्क आणि नॉर्वे एका छत्राखाली आणले म्हणून १९९७ साली हे नाव तात्पुरते सुचवले गेले, ते कायमचे चिकटले. आमच्या घरात डेन्मार्क कोण आणि नॉर्वे कोण, ह्याचा निर्णय मात्र अजून व्हायचा आहे.

खोक्यावरचे वाचून यंत्र घेऊ नये, हा पुतण्याचा सल्ला मी मानला. त्याने दोन मित्रांकडून दोन जोड आणून दिले आणि आम्ही रंकाळ्याला फेऱ्या मारल्या. पहिल्या जोडात बोलायला लागले की तार आपोआप जुळे आणि गप्प बसले की तुटे. बॅटरी वाचते म्हणे. पण तार जुळेपर्यंत पहिले अक्षर गिळले जाई. सौ. ‘सावकाश’ म्हणाल्या, मला ‘काश’ ऐकू आले. मग त्यांनी परीक्षेसाठी मुद्दाम ‘थांबा’ म्हटले. माझ्या कानात आले, ‘बा’.

आम्ही दोघेही गाडी थांबवून हसलो आणि मग एकदम गप्प झालो.

दुसऱ्या जोडात तार सदैव उघडी आणि दोघांना एकाच वेळी बोलता येई. तोच प्रकार घ्यायचे ठरले. बाकीच्या गोष्टी जेवणातल्या चटणी-कोशिंबिरीसारख्या, पण त्या नसतील तर ताट पुरे होत नाही. जोडीतली दोन्ही यंत्रे एकाच कंपनीची असावीत. वेगवेगळ्या कंपन्यांची जुळवता येतात, पण आवाज पुष्कळदा उतरतो. पाण्यासाठी खोक्यावरचे आकडे पाहावेत. आयपी ६७ ह्यात सहा हा धुळीचा आणि सात हा पाण्याचा आकडा. सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारे. गगनबावड्याचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा आकडा जास्त वाटणार नाही. बंद हेल्मेटला हनुवटीजवळ चिकटवायचा छोटा ध्वनिग्राहक बरा, उघड्या किंवा वर उचलायच्या हेल्मेटला दांडीचा. दांडीवरचे स्पंजाचे टोपरे काढू नये, वारा तेच अडवते. कानाच्या चकत्या नेमक्या कानाच्या भोकासमोर बसवाव्यात. बोटभर सरकल्या तरी यंत्र वाईट म्हणून आपण कंपनीला शिव्या देतो. आणि जागा होत नाही म्हणून आतले थर्माकोल कोरण्याचा शहाणपणा कोणी करू नये. डोके वाचवायला हेल्मेट आहे, बोलणे ही त्याची जोडनोकरी.

आवाजाची कळ पिळण्याआधी आणखी एक विचार करावा. रोज आठ तास ८५ डेसिबलपर्यंतचाच आवाज कानांना सोसवावा, अशी अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस आहे. ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाला नुसता वाराच हेल्मेटच्या आत त्याहून अधिक गोंगाट करतो. त्यावर यंत्राचा आवाज चढवला तर एकमेकांचे ऐकण्यासाठी घेतलेल्या वस्तूने आपण एकमेकांना कायमचे बहिरे करून ठेवू. ह्यावर उपाय साधा आणि फुकट आहे: गाडी सावकाश चालवावी. सौ. पंचवीस वर्षे हेच सांगत होत्या, असे आता समजते.

खर्च? काही हजारांपासून तीस हजारांच्याही पुढे किंमती जातात. आम्ही घेतलेला जोड खालच्या बाजूचा. चिरंजीवांचे पैसे उरले. त्यात साडी आली. कोणती जळली होती, हे मी विसरलो असेन, त्या नाहीत.

यंत्राबरोबर आम्ही घरचे काही नियमही केले. ह्या यंत्रावर गाणी ऐकता येतात, फोनही घेता येतो. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात शिक्षा आहे ती हातात धरायच्या साधनासाठी. पण हात मोकळे असले म्हणजे मन मोकळे असते असे नाही. म्हणून माझ्या यंत्राला फोन जोडलेलाच नाही. चिरंजीवांनी घरी केव्हाही बोलावे. घाटात आणि चौकात गप्पा बंद. पैशांचे विषय गाडीवर काढायचे नाहीत. आणि ‘थांबा’ हा शब्द आला की आधी थांबायचे, कारण मग विचारायचे. शेवटचा नियम सौं.नी केला. मी त्यावर घासाघीस केली नाही.

यंदा पाऊस ओसरल्यावर एका रविवारी आम्ही आंब्याला निघालो. तो ‘पुढचा रविवार’ यायला जवळजवळ वर्ष लागले. शिवाजी पुलापर्यंत दोघेही अवघडलेले. इतकी वर्षे वाऱ्यावर ओरडून बोललेली माणसे. कानाशी हळूच बोलायचे तर काय बोलावे, सुचेना. मग त्या बोलू लागल्या. पंचगंगेचे पाणी अजून गढूळ आहे. डावीकडचा ऊस लोळलाय. तुम्ही दुधाची पिशवी फ्रीजमध्ये ठेवली का? एका अंगाला बसणाऱ्या बाईला रस्त्याची डावी बाजूच तेवढी दिसते. ती मला पंचवीस वर्षांत कुणी सांगितली नव्हती. म्हणजे सांगितली होती, मला ऐकू आली नव्हती.

केर्ली मागे पडले. कानात अगदी हलक्या आवाजात, शेजारी बसून बोलावे तसा, शब्द आला.

“थांबा.”

मी इशारा दिला, वेग उतरवला, गाडी कडेला घेतली आणि मग विचारले, “काय झालं?”

“काही नाही,” त्या म्हणाल्या. “थांबता का ते बघत होते.”

समोरून एक रिकामी ट्रॉली खडखडत गेली. त्यांनी पदर कमरेला खोचलेला होताच, तो पुन्हा एकदा चाचपला आणि म्हणाल्या, “चला आता.”