गावच्या मुलाचा वाटा

हुशार मुलांसाठी निराळी शाळा निघाली, की तिच्या पायऱ्या प्रथम शहरातील सुखवस्तू घरची मुलेच चढतात, हा नेहमीचा अनुभव. १९८६ च्या शैक्षणिक धोरणाने पुरस्कारिलेल्या जवाहर नवोदय विद्यालयांत तसे होऊ नये म्हणून किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी व एकूण जागांपैकी एकतृतीयांश मुलींसाठी ठेवल्या आहेत. सहावीचा प्रवेश परीक्षेने होतो. ती मराठीतूनही देता येते. निवास, भोजन व पुस्तके विनामूल्य.

परंतु एक अट पालकांनी ध्यानात ठेवावी. तिसरी, चौथी व पाचवी ही तिन्ही वर्षे खेड्यातील शाळेतच पुरी झाली पाहिजेत. ‘चांगली शाळा’ म्हणून मुलाला मध्येच शहरात धाडले, की ग्रामीण जागेवरील त्याचा हक्क बुडाला! शिवाय ही परीक्षा एकदाच देता येते.

नियम न्याय्य खरा. पण ज्याला तो ठाऊकच नाही, त्याला त्याचा काय लाभ? तरी ज्यांच्या घरी पाचवीचे मूल आहे, त्यांनी अर्जाची मुदत शाळेत आजच विचारावी. अर्ज आता ऑनलाइन भरावा लागतो. ज्यांना ते साधते, त्यांनी शेजारच्या मुलाचाही भरून द्यावा. आणि घरात मुलगी असेल, तर तिला विसरू नये, एवढीच आमची विनवणी.