गंगेचा वळसा

जलवाहतुकीचा विषय निघाला की सरकारी भाषणांत तीन आकडे हमखास येतात. एक टन माल एक किलोमीटर न्यायला रस्त्याने अडीच रुपये, रेल्वेने १ रुपया ३६ पैसे आणि पाण्याने अवघे १ रुपया ६ पैसे. 'राइट्स' या सरकारी सल्लागार कंपनीच्या २०१४ च्या अहवालातले हे आकडे आता जुने झाले, पण त्यांचा क्रम खोटा म्हणता येणार नाही; पाण्यावर माल ओढायला ताकद कमीच लागते. गोम आहे ती किलोमीटरमध्ये.

हल्दियाहून वाराणसीला गंगेच्या पात्रातून जायचे तर राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ वर १,३९० किलोमीटर पडतात. रेल्वेने फार तर ८००. नदी आधी उत्तरेला फराक्क्यापर्यंत नेते, मग पश्चिमेला वळवते, आणि मध्ये मनाला येईल तशी नागमोडी वाहते. करा आता गुणाकार: पाण्याने टनाला सुमारे १,४७३ रुपये, रेल्वेने १,०८८. सरकारचेच दर धरले तरी स्वस्त नदी टनामागे ३८५ रुपयांनी महाग पडते. यात कारखान्यापासून धक्क्यापर्यंतचा ट्रक आणि दोन्ही टोकांची चढ-उतार धरलेलीच नाही. रेल्वेलाही हा खर्च चुकत नाही, पण ज्या कारखान्याच्या आवारात रेल्वेची साइडिंग आहे त्याला तो फारसा जाणवत नाही.

नोव्हेंबर २०१८ मध्ये कोलकात्याहून १६ कंटेनर गंगेतून वाराणसीला आले, पंतप्रधानांनी ते उतरवून घेतले. ऑक्टोबरअखेर निघालेले जहाज १२ नोव्हेंबरला पोहोचले. मालगाडीच्या आठ वाघिणींचा हा ऐवज. दीड-दोन हजार टनांची बार्ज भरून चालवायची, म्हणजे कोळशाच्या निम्म्या मालगाडीएवढा माल न्यायचा, तर पात्रात बारमाही २.२ ते ३ मीटर खोली हवी. गंगा दर पावसाळ्यात नवा गाळ टाकते; उपसा कायमचा. हा उपसा सरकारी तिजोरीतून होतो आणि बार्जच्या भाड्यात त्याचा पुरता हिशेब येत नाही. रेल्वे मात्र आपले रूळ आपल्याच भाड्यातून सांभाळते. शिवाय प्रवासी तिकिटांतला तोटा ती मालभाड्यातून भरून काढते, त्यामुळे तिचा दर मुळातच फुगलेला. म्हणजे पाण्याचा दर खऱ्या खर्चाहून कमी, रेल्वेचा जास्त, आणि तरीही या मार्गावर जिंकते रेल्वे!

पाणी जिंकते ते दुसरीकडे. रायगड जिल्ह्यातली अंबा नदी किती मराठी वाचकांना ठाऊक असेल? धरमतरच्या खाडीतून लोहखनिज आणि कोळशाच्या बार्जा डोलवीच्या पोलाद कारखान्याच्या धक्क्याला लागतात. हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १०. अंबा, रेवदंडा, जयगड या कोकणच्या खाड्यांवरचा माल २०१८-१९ मध्ये गंगेवरच्या मालापेक्षा कितीतरी जास्त होता. कारण साधे आहे. अंतर थोडे, माल एकाच जातीचा, कारखाना काठावर, आणि खोलीचा बराचसा भार दिवसातून दोनदा भरती फुकटात उचलते. गोव्यात मांडवी-जुवारीतून मुरगावला जाणारे खनिज याच हिशेबाने परवडत होते. खाणी बंद पडल्या तेव्हा बार्जा नांगरून राहिल्या, कारण त्या नद्यांवर दुसरा तेवढा माल नव्हताच.

गंगेतही साहिबगंजकडची खडी नदी ओलांडून मनिहारीला नेणे पाण्यानेच शहाणपणाचे. पण तेवढ्यासाठी वाराणसीपर्यंतचा, मूळ अंदाजात ५,३६९ कोटींचा 'जलमार्ग विकास प्रकल्प' लागत नाही. २०१६ च्या कायद्याने तर 'राष्ट्रीय' जलमार्गांची संख्या १११ वर नेली. त्यांतल्या कित्येकांवर होडीपलीकडे काही दिसत नाही.

वाराणसीजवळच्या रामनगरच्या धक्क्यापासून दीनदयाळ उपाध्याय नगर, म्हणजे जुने मुघलसराय, पंधरा किलोमीटरच्या आत आहे. तिथूनच पुढे-मागे १,३३७ किलोमीटरची पूर्व समर्पित मालवाहतूक मार्गिका जाते, फक्त मालगाड्यांसाठी बांधलेली. ती बांधायला जागतिक बँकेने कर्ज दिले. शेजारच्या नदीतल्या जलमार्ग प्रकल्पासाठी ३७.५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले, तेही त्याच बँकेने.